घरातील वायरलेस वीजमीटर : लहरींची भीती किती, बिलाची काळजी किती?

अंबरनाथ, बदलापूर आणि वांगणी परिसरातील बरेच भाजीपाला उत्पादक आपला माल उल्हासनगरच्या बाजारात आणतात. त्यांपैकी काहींची शेती गावाकडे आणि बिऱ्हाड उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये अशी विभागणी झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीच्या बराकींच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी इमारती उभ्या आहेत. तरीही कॅम्प ५ मध्ये एका भिंतीला दोन बिऱ्हाडे, बोळात एका ओळीत लागलेले मीटर आणि भिंतीच्या पलीकडे लगेच खाट, अशी घरे आजही पाहावयास मिळतात. अशा घरात नवीन वायरलेस मीटर बसला, की विचारणा सुरू होते.

खरिपाच्या प्रशिक्षण वर्गात भाताच्या रोपवाटिकेवर बोलत असताना गेल्या दोन वर्षांत प्रस्तुत लेखकास हे प्रश्न वारंवार विचारण्यात आले. मीटरमधून किरण निघतात काय? गरोदर सुनेने त्या भिंतीलगत झोपावे की नाही? बिल दीडपट कसे झाले? आणि मीटर नको म्हणता येते काय? विषय कृषिविद्येचा नाही, हे खरे. परंतु मात्रा, अंतर आणि कालावधी यांचा हिशेब शेतकऱ्याला फवारणीच्या निमित्ताने रोजच करावा लागतो. तोच हिशेब येथेही लागू पडतो, म्हणून हा लेख.

हा मीटर नेमके काय करतो?

जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे. त्यानंतर आलेल्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चकती गेली, परंतु आकडा वाचण्यास माणूस येतच राहिला. नवीन मीटर हा इलेक्ट्रॉनिक मीटरच आहे. त्यात एक छोटा रेडिओ संच जोडलेला असतो. पंधरा मिनिटे किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्याने झालेला वापर तो स्वतःच्या स्मृतीत साठवितो व ठराविक वेळी वीज कंपनीच्या संगणकाकडे पाठवितो. यासाठी मोबाइलप्रमाणे सिमकार्ड वापरले जाते. काही ठिकाणी मीटर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवरून एकमेकांमार्फत निरोप पुढे सरकवितात. या मीटरसाठी भारतीय मानक आयएस १६४४४ हे २०१५ साली तयार झाले. महावितरण त्यास टीओडी मीटर म्हणते. टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे, अर्थात दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदविणारा मीटर. लोकांच्या तोंडी मात्र स्मार्ट मीटर हेच नाव बसले आहे.

आपल्यापैकी अनेकांनी विहिरीवरील पंपाला मोबाइलवरून चालू-बंद होणारा ऑटो स्विच बसविला आहे. त्यात सिमकार्ड असते आणि तो आपल्याला लाइट आल्याचा निरोप देतो. महसूल मंडळात उभी असलेली स्वयंचलित हवामान केंद्रेही आपली माहिती रेडिओ लहरींवरच पाठवितात. नवीन मीटर हा त्याच जातीचा आहे. फरक इतकाच, की तो शेतात नसून उशाला आहे, आणि म्हणून त्याची काळजी अधिक वाटते. ती वाटणे स्वाभाविक आहे.

किरण आणि लहरी यांत गल्लत नको

लासलगाव येथील ‘कृषक’ केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी पदार्थाचे गॅमा किरण दिले जातात, निर्यातीच्या आंब्यालाही दिले जातात. भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाच्या टीजी मालिकेतील वाण विकसित केले, तेही बियाण्यावर किरणांचा मारा करून मिळालेल्या बदलांच्या आधारे. या किरणांत पेशीतील रासायनिक बंध तोडण्याची ताकद असते. त्यामुळेच कांद्याचा कोंब थांबतो आणि बियाण्यात आनुवंशिक बदल घडतो. अशा किरणांपासून माणसाने दूरच राहावे.

मीटर, मोबाइल आणि रेडिओ यांच्या लहरी या गटात बसत नाहीत. त्यांच्यातील ऊर्जेचा एकेक कण इतका दुबळा असतो, की तो बंध तोडू शकत नाही. लहरींची शक्ती पुष्कळ वाढविली तर ऊतींमध्ये उष्णता निर्माण होते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी याच तत्त्वावर चालते, मात्र तिची शक्ती ८०० ते १,००० वॅट असते व ती बंद पेटीत कोंडलेली असते. म्हणजे येथे विचारावयाचा प्रश्न मात्रेचा आहे.

मात्रेचा हिशेब

शास्त्रज्ञ लहरींची तीव्रता दर चौरस मीटरला किती वॅट पडतात यावरून मोजतात. आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली सुचविलेली मर्यादा ९०० मेगाहर्ट्झला सर्वसामान्य जनतेसाठी ४.५ वॅट होती. भारत सरकारने मोबाइल टॉवरसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून ती एक दशांशावर, म्हणजे ०.४५ वॅट किंवा ४५० मिलिवॅटवर आणली. ही मर्यादा टॉवरसाठी आहे, परंतु मीटर तपासण्यासाठी तीच कठोर फूटपट्टी आपण घेऊ.

४-जी पद्धतीने बोलणाऱ्या यंत्राची कमाल प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे ०.२ वॅट असते. लहरी सर्व दिशांना सारख्या पसरल्या असे धरल्यास १ मीटर अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १६ मिलिवॅट पडतात. २ मीटरवर हाच आकडा ४ मिलिवॅटवर येतो. अंतर दुप्पट झाले की मात्रा एक चतुर्थांश होते, तिप्पट झाले की एक नवमांश. कोंबडीच्या पिल्लांवर लावलेला ब्रूडरचा बल्ब थोडा वर उचलला तरी खालची ऊब झपाट्याने कमी होते, हे पोल्ट्री करणाऱ्यांच्या अनुभवाचे आहे. ८६५ मेगाहर्ट्झवरील संचाला १ वॅटपर्यंत परवानगी आहे. तो पूर्ण शक्तीने चालला असे धरले तर १ मीटरवर ८० मिलिवॅट होतात. जुन्या २-जी पद्धतीचा संच क्षणभर २ वॅटपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा १६० मिलिवॅट. दिशेनुसार हे आकडे थोडे कमी-अधिक होतील.

तात्पर्य, यांतील कोणताही संच १ मीटरवर ४५० मिलिवॅटच्या मर्यादेत राहतो, आणि तोही बोलत असतानाच्या क्षणी. मीटर दिवसभर बोलत नाही. त्याचे निरोप तुकड्यातुकड्याने जातात. मर्यादा मात्र सहा मिनिटांची सरासरी धरून ठरविलेली आहे. मध्ये विटांची भिंत असल्यास आणखी घट होते.

आता बोळातील मीटरच्या ओळीचे काय? हा प्रश्न कॅम्प ५ मधील एका भगिनीने विचारला आणि तो अगदी योग्य होता. समजा, ४-जी पद्धतीचे तीस मीटर एका फळीवर आहेत, ते सर्व एकाच क्षणी पूर्ण शक्तीने बोलले आणि सर्व आपल्यापासून बरोबर १ मीटरवर आहेत. तर बेरीज ४८० मिलिवॅट होईल, म्हणजे मर्यादेच्या किंचित वर. प्रत्यक्षात तीसच्या तीस मीटर १ मीटरवर असू शकत नाहीत, ते एकाच वेळी बोलत नाहीत आणि सहा मिनिटे अखंड तर मुळीच बोलत नाहीत. तरीदेखील खाट हलविण्यास जागा असेल तर ती मीटरच्या फळीपासून मीटर-दीड मीटर सरकवावी. त्यात खर्च काहीच नाही. जागा नसेल तर झोप मोडून घेण्याचे कारण नाही. उशीखाली ठेवलेला मोबाइल डोक्याच्या कितीतरी अधिक जवळ असतो. तो आधी दूर ठेवावा. हृदयाला पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने मोबाइलबाबत सांगितले जाते तसे किमान वीतभर अंतर मीटरपासूनही राखावे व आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कर्करोगाच्या यादीबद्दल

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना २-ब या गटात टाकले, म्हणजे ‘कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असा गट. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपांत हा दाखला असतो आणि तो खोटा नाही. मात्र त्या यादीचा अर्थ समजून घेतला पाहिजे. पुरावा किती भक्कम आहे हे ती सांगते. धोका किती मोठा आहे हे ती सांगत नाही. आपण उसात आणि भातात रुंद पानांच्या तणांसाठी वापरतो ते २,४-डी हे तणनाशक २०१५ साली याच २-ब गटात गेले. ग्लायफोसेट आणि मॅलेथिऑन त्यांच्या एक पायरी वर, २-अ गटात आहेत. पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक म्हणून, लिंडेन आहे, तंबाखू आहे, सुपारी आहे, आणि ओलसर साठविलेल्या भुईमुगावर किंवा मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विषही आहे. मीटरची भीती वाटून रात्रभर जागणारा माणूस सकाळी हातमोज्याविना मॅलेथिऑन ढवळतो आणि तोंडात सुपारी ठेवतो, हे चित्र आम्ही विस्तार कार्यकर्ते नेहमी पाहतो. असो.

संशोधन थांबलेले नाही. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नर उंदरांना दररोज सुमारे ९ तास, दोन वर्षे, संपूर्ण शरीरावर तीव्र लहरी दिल्या, तेव्हा हृदयातील एका प्रकारच्या गाठी वाढलेल्या आढळल्या. ती मात्रा घरातील मीटरच्या मात्रेहून फारच मोठी होती आणि त्याच प्रयोगात लहरी दिलेले नर उंदीर न दिलेल्यांपेक्षा अधिक काळ जगले, हेही नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. मोबाइल तर कानाला लावला जातो.

डोकेदुखी, निद्रानाश, अंगाला मुंग्या या तक्रारींना खोट्या ठरवू नये. संघटनेच्या २००५ सालच्या माहितीपत्रकातही हा त्रास खरा असल्याचे मान्य केले आहे, मात्र त्याचा लहरींशी संबंध जोडण्यास शास्त्रीय आधार नाही असे म्हटले आहे. असे प्रयोग कसे करतात, हे प्रक्षेत्र चाचणी माहीत असणाऱ्यास लगेच कळेल. लहरी केव्हा चालू आणि केव्हा बंद हे ना रुग्णाला सांगितले जाते, ना नोंद घेणाऱ्याला. अशा चाचण्यांत लोकांना चालू-बंद ओळखता आले नाही आणि त्रास बंद असतानाही तितकाच झाला. म्हणून डोके दुखत असल्यास रक्तदाब, चष्म्याचा नंबर आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मीटरवर दोष टाकून मूळ आजार लांबणीवर पडतो, हा खरा धोका आहे.

मीटरला फॉइल लावू नका

लहरी अडविण्यासाठी मीटरभोवती ॲल्युमिनियमचा कागद किंवा पत्रा गुंडाळण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. असे मुळीच करू नये. फॉइल विजेचा वाहक आहे. पावसाळ्यात गळणाऱ्या भिंतीवर, ढिल्या जोडाजवळ ते लागले तर धक्का बसण्याची किंवा आग लागण्याची भीती असते. शिवाय संपर्क तुटलेला दिसला की तपासणीस येतात आणि मीटरशी छेडछाड झाल्याचा संशय घेतला जाऊ शकतो. विद्युत कायद्याच्या कलम १३५ खाली मीटरमधील छेडछाड ही वीजचोरीत मोडते. किरणरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या चिकटपट्ट्या व चिप यांवर पैसा घालवू नये.

तोच पैसा ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर खर्च करावा. परवानाधारक तारतंत्रीकडून तो बसवून घ्यावा व अर्थिंग तपासून घ्यावे. बराकीतील जुन्या घरांत अर्थिंगची तार नुसती भिंतीत खोचलेली सापडते. वालधुनी आणि उल्हास या नद्यांच्या पुराचा अनुभव २००५ आणि २०१९ च्या जुलै महिन्यात या भागाने घेतला आहे. सखल जागी मीटर जमिनीलगत असल्यास तो उंचावर घेण्याचा अर्ज पावसाळ्यापूर्वी द्यावा.

बिल का वाढते?

येथे मात्र तक्रारीत तथ्य असू शकते, म्हणून हा भाग सविस्तर पाहू.

पहिले कारण, जुना मीटर मंद झालेला असतो. झिजलेली चकती थोड्या भारावर फिरतच नसे. नवा मीटर किरकोळ भारही नोंदवितो. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स १० वॅट घेत असेल आणि तो चोवीस तास चालू राहिला तर महिन्याला ७.२ युनिट होतात. असे दोन-तीन भार असले की वीस युनिटचा फरक सहज पडतो, आणि त्यातून दराची पुढची पायरी लागली तर रक्कम आणखी वाढते.

दुसरे कारण फारसे कोणी सांगत नाही, परंतु बराकीत आणि भावाभावांत वाटणी झालेल्या घरांत ते नेमके आढळते. चोरी ओळखता यावी म्हणून इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतील प्रवाह मोजतात आणि दोहोंत जो जास्त असेल त्यावर हिशेब करतात. दोन बिऱ्हाडांची न्यूट्रल तार एकत्र बांधलेली असेल तर शेजाऱ्याचा प्रवाह आपल्या मीटरमधून परत जाऊ शकतो आणि तो आपल्या नावे लागतो. तार कोठे जमिनीत गळत असेल तरीही असाच फरक पडतो. मीटरवर अर्थ दर्शविणारा दिवा किंवा चिन्ह सतत दिसत असेल तर तारतंत्रीस बोलावून दोन्ही घरांची न्यूट्रल वेगळी करून घ्यावी. या एका दुरुस्तीने बिल ताळ्यावर येऊ शकते. मीटर कंपनीचा आहे. घरातील वायरिंग मात्र आपले, आणि त्याची दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते.

तिसरे, आकडा खरोखर चुकीचा असणे. फवारणी पंपाचे नोझल मिनिटाला किती पाणी सोडते हे आपण जसे मोजून पाहतो, तसा मीटरही घरी ढोबळमानाने पडताळता येतो. प्रथम घरातील मेन स्विच बंद करावा. लुकलुकणारा दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही तर गळती आहे किंवा मीटरनंतर कोणीतरी तार जोडली आहे. त्यानंतर मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती स्पंदने हे छापलेले असते ते वाचावे. बहुधा ३,२०० हा आकडा आढळतो. आता घरातील इतर सर्व बंद ठेवून केवळ पाणी तापविण्याचा १,००० वॅटचा रॉड पाण्यात ठेवून चालू करावा आणि घड्याळ लावून एक मिनिट दिव्याचे लुकलुकणे मोजावे. २३० व्होल्ट दाब असल्यास ५३ च्या आसपास आले पाहिजेत. दाब २१० व्होल्ट असेल तर ४४ च्या आसपास येतील, कारण रॉडही तेवढी कमी वीज घेतो. चालू रॉडच्या पाण्यात हात घालू नये, मुलांना दूर ठेवावे. मोजणी तीन वेळा करून सरासरी घ्यावी. ७०-७५ येत असतील तर तक्रार करण्यास सबळ कारण आहे.

नको म्हणता येते काय?

केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी वीज ग्राहक हक्क नियम अधिसूचित केले. त्यात नवीन जोडणीस स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटर असावा आणि अपवाद करावयाचा तर राज्य आयोगाच्या मान्यतेने करावा, असे म्हटले होते. त्यानंतर १७ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने शेती ग्राहक वगळून इतरांसाठी प्रीपेड स्मार्ट मीटरचे वेळापत्रक आले. राज्यात महावितरणने २०२३ साली सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कंत्राटे दिली. मीटर, बसविणे आणि पुढील काही वर्षांची देखभाल मिळून दर मीटरमागे हा खर्च १२,००० रुपयांच्या जवळपास जातो. केंद्राचे अनुदान आपल्या राज्यासाठी दर मीटरला जास्तीत जास्त ९०० रुपये ठरले होते. ‘मीटर मोफत’ याचा अर्थ दारात पैसे मागत नाहीत एवढाच. उरलेला खर्च पुढे वीजदरातून कोणावर पडणार, हा महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांनी लावून धरलेला प्रश्न प्रस्तुत लेखकास लहरींच्या प्रश्नापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

विरोध वाढल्यावर जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर बसविले जाणार नाहीत असे जाहीर केले. त्यानंतर घरोघरी बसू लागले ते टीओडी मीटर पोस्टपेड आहेत, म्हणजे आधी वापर आणि नंतर बिल. लोकांचा राग यावरच आहे, की नाव बदलून तोच मीटर आला. रागात तथ्य आहे, कारण यंत्र तेच आहे. परंतु रिचार्ज संपला म्हणून रात्री अंधार, ही भीती पोस्टपेडमध्ये राहत नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४७(५) मध्ये प्रीपेड मीटरचा उल्लेख ग्राहकाची तयारी असेल तर, अशा अर्थाने आलेला आहे आणि तसे मीटर घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. प्रीपेड लादण्यास हरकत घेणाऱ्या संघटना याच कलमावर बोट ठेवतात.

परदेशातही हा वाद झाला. कॅलिफोर्नियातील आयोगाने फेब्रुवारी २०१२ मध्ये पीजी अँड ई कंपनीच्या ग्राहकांना वायरलेस मीटर नाकारण्याची मुभा दिली, मात्र त्यासाठी सुरुवातीस ७५ डॉलर आणि दरमहा १० डॉलर आकारले. नेदरलँडच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली सक्तीचा कायदा अडविला, तो खासगी माहितीच्या मुद्द्यावर. घर केव्हा रिकामे असते हे अर्ध्या तासाच्या नोंदींवरून कळू शकते, ही त्यांची हरकत होती. आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. वापराची माहिती कोणाला दिली, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

शेतीपंप आणि दिवसाची सवलत

वर सांगितल्याप्रमाणे २०२१ च्या अधिसूचनेतून शेती ग्राहक वगळलेले होते. पंपाऐवजी फीडर व रोहित्र यांवर मीटर बसविण्यावर भर आहे. राज्याची बळीराजा मोफत वीज योजना ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. त्यामुळे पंपाचा आणि घराचा मीटर यांची गल्लत करू नये. घरासाठी आलेला कामगार पंपाच्या पेटीला हात लावू लागल्यास लेखी आदेश मागावा.

घरगुती टीओडी ग्राहकांसाठी राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या दरआदेशात सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरास युनिटमागे ८० पैशांपासून टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत सवलत ठेवण्यात आली. या आदेशाचा नंतर फेरविचारही झाला, म्हणून सवलत प्रत्यक्ष आपल्या बिलावर वेगळ्या ओळीत दिसते काय हे दरमहा पाहावे. शेतकरी कुटुंबात दुपारी कोणीतरी घरी असते. धुण्याचे यंत्र, मिक्सर, इस्त्री, पाण्याच्या टाकीची मोटर ही कामे या वेळेत करता येतील.

मीटर बदलताना आणि बदलल्यानंतर

जुन्या मीटरचा क्रमांक व शेवटचा आकडा, नव्या मीटरचा क्रमांक व सुरुवातीचा आकडा यांचे छायाचित्र कामगाराच्या समक्ष काढावे. मीटर बदल अहवालाची प्रत घ्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. जुना आकडा चुकीचा लिहिला गेला तर शेकडो युनिटचा बोजा पुढील बिलात येतो आणि मीटर भंगारात गेल्यावर पुरावा उरत नाही. बारा महिन्यांची जुनी बिले जपून ठेवावीत.

बिल वापराशी जुळत नाही असे वाटल्यास लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशी तक्रार आल्यापासून ५ दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी जोडमीटर बसवावा आणि तो किमान तीन महिने ठेवावा, अशी तरतूद आहे. अर्जात या दुरुस्तीचा उल्लेख जरूर करावा, कारण खिडकीवरील कर्मचाऱ्यास ती माहीत असेलच असे नाही. तसेच जून २०२३ च्या दुरुस्तीनुसार स्मार्ट मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी, नव्या मीटरने नोंदविलेल्या कमाल मागणीच्या आधारे दंड आकारता येत नाही.

वाद चालू असताना वीज तोडण्याची धमकी मिळाल्यास कलम ५६ लक्षात ठेवावे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली तर वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. पावती व निषेधाचे पत्र एकत्र लावून ठेवावे.

स्थानिक कार्यालयात दाद लागली नाही तर कल्याण परिमंडलाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. तेथे वकील लावण्याची गरज नसते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर विद्युत लोकपालाकडे जाता येते. अर्जासोबत मीटरची छायाचित्रे, बारा बिले, रॉड लावून केलेल्या मोजणीची तारीखवार नोंद आणि न्यूट्रल वेगळी केल्याचे तारतंत्रीचे पत्र जोडावे. मीटर तपासणीचे शुल्क भरल्यास तपासणीच्या वेळी आपण स्वतः हजर राहण्याचा आग्रह धरावा आणि अहवालाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी.